जुना ब्लॉग मिटवावा की आवरावा?

प्रश्न: मी २०११ पासून स्वतःच्या डोमेनवर (स्वतः नोंदवलेल्या वेबनावावर), वर्डप्रेस ही ब्लॉग चालवण्याची प्रणाली वापरून ब्लॉग लिहिते. त्यावर आज चारशेहून अधिक लेख आहेत: पुस्तकांवरची टिपणे, कुंड्यांतील बागेचे अनुभव, काही कविता आणि मुलांच्या लहानपणीच्या आठवणी. गेल्या तीन-चार वर्षांत लेखन मंदावले आणि देखभालही राहून गेली. अनेक छायाचित्रांच्या जागी आता रिकामे चौकोन दिसतात, लेखांत दिलेले दुवे उघडत नाहीत, टॅगांचा (लेखांना लावलेल्या विषयखुणांचा) गोंधळ झाला आहे आणि प्रतिक्रियांमध्ये जाहिराती शिरल्या आहेत. सुरुवातीचे काही लेख वाचताना तर फार संकोच वाटतो. सगळे मिटवून नव्या नावाने कोरी सुरुवात करावी, की हेच आवरावे? आवरायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? — एक ब्लॉगलेखिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ब्लॉग मिटवू नका, आणि शक्यतो त्याचे नावही बदलू नका. आपण एखादा लेख प्रसिद्ध करतो तेव्हा मजकुराबरोबर त्याचा वेबवरील पत्ताही जगाच्या हाती देतो. तो पत्ता कोणी आपल्या लेखात दिलेला असतो, कोणी मैत्रिणीला पाठवलेला असतो, कोणी पुन्हा वाचण्यासाठी जपून ठेवलेला असतो. यांपैकी बहुतेकांची आपल्याला कधी कल्पनाही येत नाही. लेख आपला असला तरी त्याच्या पत्त्यावर अशा अनोळखी वाचकांचाही थोडा हक्क तयार झालेला असतो. म्हणून मजकूर सुधारावा, मांडणी बदलावी, नको ते काढावे, परंतु पत्ते मोडू नयेत, हे सूत्र मी पुढील सर्व सल्ल्यात धरले आहे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने मांडले होते, की एकदा दिलेला पत्ता बदलू नये. तरीही पत्ते मोडतच राहिले. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. याहूने जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने उभारलेली लाखो वैयक्तिक पाने तेथून नाहीशी झाली; त्यांतील काही भाग स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतला, म्हणून तो आज पाहायला मिळतो. त्या लेखकांनी दुसऱ्याच्या जागेत लिहिले होते. आपले डोमेन आपल्या नावावर आहे, त्यामुळे आपले लेख टिकवण्याचा निर्णय आपल्याच हाती आहे, आणि ही सोय कोऱ्या सुरुवातीच्या मोहाने सोडून देण्यासारखी नाही.

आता सुरुवात कोठून करावी याविषयी. काहीही बदलण्यापूर्वी ब्लॉगची पूर्ण प्रत घ्यावी. वर्डप्रेसमधील निर्यातीच्या सोयीने जी एक फाइल मिळते तीच पूर्ण प्रत, असा अनेकांचा समज असतो आणि तो घातक आहे. त्या फाइलमध्ये लेख, प्रतिक्रिया, वर्ग (लेखांचे विषयवार गट) आणि टॅग असतात. चित्रे मात्र नसतात, त्यांचे केवळ पत्ते असतात. मूळ जागा बंद पडली तर त्या पत्त्यांवरून काहीही मिळणार नाही. त्यामुळे डेटाबेसची (लेख व इतर माहिती जेथे साठते त्या कोठाराची) प्रत आणि सर्व्हरवरील (ब्लॉग ज्या संगणकावर ठेवलेला असतो त्यावरील) अपलोड केलेल्या चित्रांचे संपूर्ण फोल्डर अशा दोन्ही गोष्टी उतरवून घ्याव्यात. जाणकार मंडळी तीन प्रतींचा नियम सांगतात: एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. चारशे लेखांसाठी हा खटाटोप मुळीच जास्त नाही.

प्रत घेतल्यावर ती उघडून पाहणे तितकेच आवश्यक आहे, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. जुन्या डेटाबेसमध्ये अक्षरांचे संकेतन (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) चुकीचे नोंदलेले असेल, तर ब्लॉगवर मजकूर व्यवस्थित दिसतो, परंतु तीच प्रत दुसरीकडे चढवली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक चिन्हे उमटतात. एखाद्या तात्पुरत्या जागी किंवा स्वतःच्या संगणकावर प्रत चढवून चार-पाच लेख, जोडाक्षरांसह, डोळ्यांनी वाचून पाहावेत. हे समजण्याची योग्य वेळ मूळ ब्लॉग शाबूत असताना असते.

त्यानंतर डोमेनकडे वळावे. नोंदणी कोणत्या ईमेल पत्त्यावर केलेली आहे आणि तो पत्ता आपण आजही वापरता का, हे तपासा. मुदत संपत आल्याच्या सूचना बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्याने अनेकांनी वर्षानुवर्षे जपलेले नाव गमावले आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. मुदत उलटून नोंदणी रद्द झाली तरी त्यानंतर ३० दिवस ते नाव जास्तीचे शुल्क भरून परत मिळवता येते. तो काळही गेला की थोड्याच दिवसांत ते कोणालाही घेता येते. आपोआप नूतनीकरणाची सोय सुरू ठेवावी आणि तिला जोडलेले कार्ड चालू आहे ना, हे दरवर्षी पाहावे.

सुरक्षिततेची कामे कंटाळवाणी असली तरी थोड्या वेळात होतात. वर्डप्रेस, थीम (ब्लॉगचे रूप ठरवणारा साचा) आणि प्लगिन (जास्तीच्या सोयी देणारे जोड-प्रोग्राम) अद्ययावत करावेत. जे प्लगिन वापरात नाहीत ते केवळ निष्क्रिय करून ठेवू नयेत, पूर्णपणे काढून टाकावेत. निष्क्रिय प्लगिनच्या फाइली सर्व्हरवरच राहतात आणि त्यांतील दोषांचा फायदा घेता येऊ शकतो. पूर्वी कोणाला मदतीसाठी प्रशासकाचे खाते उघडून दिले असेल तर ते बंद करावे, आणि आपल्या खात्याला मोठा पासवर्ड व दुहेरी पडताळणी लावावी.

रिकाम्या चौकोनांची कारणे एकापेक्षा अधिक असू शकतात, आणि कारण ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. चौकोनावर उजवी कळ दाबून चित्राचा पत्ता नव्या खिडकीत उघडला की बहुधा उलगडा होतो. पत्ता दुसऱ्याच एखाद्या सेवेचा असेल, तर ती सेवा बंद पडली आहे किंवा तिने बाहेरून चित्रे दाखवू देणे थांबवले आहे. अशा वेळी जुन्या संगणकात किंवा डिस्कवर मूळ छायाचित्र शोधून ते आपल्याच ब्लॉगवर चढवणे हा एकमेव टिकाऊ उपाय आहे. पत्ता आपल्याच ब्लॉगचा असेल आणि फाइलचे नाव देवनागरीत असेल, तर होस्टिंग (ब्लॉग ठेवण्यासाठी घेतलेली सर्व्हरवरील जागा) बदलताना ते नाव बिघडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. चित्रांच्या फाइलींना साधी, रोमन अक्षरांतील, मोकळी जागा न सोडलेली नावे द्यावीत असे मी सुचवतो, ते याच कारणासाठी.

तिसरे कारण असे, की २०११ मध्ये बहुतेक ब्लॉग साध्या एचटीटीपी (http:// ने सुरू होणाऱ्या) पत्त्यावर होते. पुढे सुरक्षित जोडणी (https:// ने सुरू होणारे पत्ते) सर्वत्र आली, २०१८ पासून क्रोम ब्राउझरने साध्या पत्त्यावरील सर्व पानांना असुरक्षित असा शिक्का लावायला सुरुवात केली आणि आपल्या होस्टिंग सेवेनेही कदाचित बदल करून टाकला. परंतु जुन्या लेखांतील चित्रांचे पत्ते आजही साधेच राहिले असतील, तर सुरक्षित पानात ती चित्रे ब्राउझर अडवू शकतो. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. डेटाबेस उघडून त्यात थेट शोधून बदलण्याचा आदेश देऊ नये. वर्डप्रेस आपल्या मांडणीची काही माहिती मजकुराच्या लांबीच्या आकड्यासह साठवते, आणि पत्त्यात एक अक्षर वाढले की तो आकडा जुळत नाही व ती मांडणी हरवते. ही गोष्ट लक्षात घेऊन बनवलेली शोधा-आणि-बदला साधने वर्डप्रेससाठी उपलब्ध आहेत, तीच वापरावीत.

बंद पडलेल्या दुव्यांसाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनचा आधार घ्यावा. ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवत आहे आणि २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. आपण दुवा दिला त्या काळातील प्रत तेथे मिळाली तर जुन्या दुव्याच्या जागी तिचा पत्ता द्यावा. ती मिळाली नाही तर दुवा काढावा, परंतु मूळ लेखाचे व लेखकाचे नाव मजकुरात तसेच ठेवावे, म्हणजे वाचकाला निदान शोध घेता येईल. दुवे तपासणारी स्वयंचलित साधने मिळतात व ती उपयोगी आहेत, मात्र त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. सोडून दिलेले डोमेन दुसऱ्याने घेऊन त्यावर जुगाराच्या किंवा कर्जाच्या जाहिराती लावल्या असतील, तर साधनाच्या दृष्टीने तो दुवा चालू असतो. आपण विश्वासाने पाठवलेला वाचक भलतीकडे पोहोचतो, हे मला बंद दुव्यापेक्षा अधिक गंभीर वाटते. म्हणून ज्या लेखांना आजही वाचक येतात त्यांतील दुवे तरी आपण स्वतः उघडून पाहावेत.

आता आपल्या संकोचाविषयी. आपल्या पत्रातील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण मिटवण्याची इच्छा बिघडलेल्या चित्रांतून येत नाही, ती या संकोचातून येते. सुरुवातीच्या लेखनात भाबडेपणा असतो, विशेषणांची गर्दी असते, एखाद्या पुस्तकाविषयीचे मत आज टिकत नाही. असे लेख राहू द्यावेत. लेखावर तारीख ठळकपणे दिसत असेल तर वाचक तो त्या काळातला म्हणूनच वाचतो, आणि आपल्या लेखनाची वाढ ज्यांना पाहायची आहे त्यांच्यासाठी तो पुरावाच असतो. अनेक थीम तारीख लपवतात; ती दिसेल अशी व्यवस्था करावी. शैली सुधारण्यासाठी जुने लेख नव्याने लिहीत बसू नये, कारण त्यात फार वेळ जातो आणि हाती येते ते लेखन ना त्या वयाचे राहते ना या वयाचे होते.

चुकीच्या माहितीची गोष्ट वेगळी आहे. कुंडीतील रोपाला एखादे औषध किती प्रमाणात द्यावे हे चुकीचे लिहिले गेले असेल, तर आजही कोणी तरी ते वाचून तसेच करणार आहे. अशी चूक दुरुस्त करावी आणि लेखाच्या आरंभीच, दुरुस्ती कधी व काय केली, हे तारखेसह नोंदवावे. चूक गुपचूप बदलली तर ज्याने पूर्वी वाचून वहीत उतरवून घेतले त्याला काही कळत नाही.

ज्या लेखांत दुसऱ्यांचे खासगी आयुष्य आले आहे, त्यांच्या बाबतीत मात्र मी काढून टाकण्याच्याच बाजूचा आहे. आपली मुले आता मोठी झाली असतील. त्यांचे आजारपण, शाळेतील फजिती, लहानपणीची छायाचित्रे हे सारे त्यांच्या नावाने शोधणाऱ्या कोणालाही मिळावे का, हे त्यांनाच विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर युक्तिवाद न करता काढावे. पत्त्यावर वाचकाचा हक्क असतो असे मी वर म्हटले आहे; ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याचा हक्क त्याहून मोठा आहे. काढताना लक्षात ठेवावे, की वर्डप्रेसमध्ये लेख काढला तरी त्यातील चित्रे संग्रहात तशीच राहतात आणि त्यांचा थेट पत्ता उघडत राहतो. चित्रे संग्रहातूनही वेगळी काढावी लागतात. जे कायमचे काढले आहे त्या पत्त्यावर ४१० हा संकेत देता येतो. पान हेतुपूर्वक काढले आहे असा त्याचा अर्थ शोधयंत्रे घेतात. गूगलच्या शोधातून जुनी नोंद हटवण्याची आणि वेबॅक मशीनमधील प्रत वगळण्याची विनंतीही करता येते. जी छायाचित्रे ठेवणार आहात त्यांचीही एक तपासणी करावी: मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, आणि घरच्या बागेचे छायाचित्र म्हणजे घराचा पत्ता ठरू शकतो. ही माहिती पुसून टाकणारी साधी साधने उपलब्ध आहेत.

उरलेल्यांपैकी, बऱ्याच दिवसांनी परत आल्याचे किंवा नवी थीम लावल्याचे सांगणाऱ्या दोन-चार ओळींच्या नोंदी मसुद्यात टाकल्या, म्हणजे वाचकांना दिसेनाशा केल्या, तरी कोणाचे नुकसान होत नाही. एकाच विषयावर तीन अर्धवट लेख असतील तर त्यांचा एक चांगला लेख करावा आणि इतर दोन पत्त्यांवरून त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन लावावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचतो. हे करून देणारे प्लगिन सहज मिळतात.

पत्त्यांच्या रचनेबद्दलही थोडे सांगतो, कारण आवरण्याच्या उत्साहात अनेक जण येथेच मोठी मोडतोड करतात. आपल्या लेखांचे पत्ते बहुधा देवनागरी शीर्षकांवरून आपोआप बनलेले असतील. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही, यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात उतरताना त्याची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे होतात. वर्डप्रेस लेखाच्या या नावासाठी २०० अक्षरांपर्यंतच जागा ठेवते, म्हणून सुमारे २२ चिन्हांनंतर लांब देवनागरी शीर्षक पत्त्यात तुटते, आणि निरोपातून पाठवलेला पत्ता टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. दिसायला हे ओंगळ असले तरी जुने पत्ते जसे आहेत तसेच ठेवावेत. नव्या लेखांना मात्र प्रसिद्ध करण्यापूर्वी स्वतः लहान नाव द्यावे, दोन-तीन शब्दांचे. ते देवनागरीत असो की रोमनमध्ये, यात मला डावे-उजवे वाटत नाही.

टॅगांचा गोंधळ शुद्धलेखनाच्या फरकांमुळे आणि एकवचन-अनेकवचनामुळे होतो: पुस्तक, पुस्तके, पुस्तकं असे तीन टॅग एकाच कामाचे असतात. पाच-सहा वर्ग ठरवून प्रत्येक लेख त्यांपैकी एकात ठेवावा, आणि ज्या टॅगखाली एकच लेख आहे तो टॅग काढून टाकावा. टॅगचेही स्वतंत्र पान असते, तेव्हा मोठे टॅग एकत्र करताना जुन्या पानावरून नव्याकडे पुनर्निर्देशन द्यावे. यापेक्षा अधिक वेळ या कामाला देऊ नये. वाचक टॅगांवरून क्वचितच फिरतो.

तो फिरतो मुखपृष्ठावरून, आणि तेथे मात्र मन लावून काम करावे. ब्लॉगची नेहमीची मांडणी नवा लेख सर्वांत वर ठेवते. नियमित लिहिणाऱ्याला ती सोयीची असते, पण ज्याचे लेखन मंदावले आहे त्याचे उत्तम लेख तिच्यामुळे तळाशी जातात. आपल्या चारशे लेखांतून पंधरा-वीस लेख निवडून एक स्थिर पान तयार करावे. प्रत्येक लेखाविषयी एक-दोन वाक्ये लिहावीत, त्यात तो कोणासाठी उपयोगी आहे हे यावे, आणि हेच पान मुखपृष्ठ करावे. इतर सर्व लेख मागे, तारखेनुसार, आहेत तेथेच राहतील. शोधणाऱ्याला मिळतील आणि सहज आलेल्याच्या वाटेत येणार नाहीत. संकोच वाटणाऱ्या लेखांचा प्रश्नही यातून बराच सुटतो. लेखिकेच्या परिचयाचे पान अद्ययावत करावे आणि संपर्काची एक चालू सोय ठेवावी.

प्रतिक्रियांतील जाहिराती काढाव्यात, खऱ्या प्रतिक्रियांना हात लावू नये. बागकामाच्या लेखांखाली वाचकांनी दिलेली माहिती पुष्कळदा लेखाइतकीच मोलाची असते. कोणी उत्साहाने स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला असेल तर तेवढा झाकावा. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या लेखांवर प्रतिक्रिया आपोआप बंद करण्याची सोय वर्डप्रेसच्या मांडणीतच आहे. ती सुरू केली की नव्या जाहिरातींचा ओघ बराच आटतो.

चारशे लेख एका सुट्टीत तपासण्याचा संकल्प करू नका. असे संकल्प चाळिसाव्या लेखापाशी थांबतात. गेल्या वर्षभरात कोणते लेख सर्वाधिक वाचले गेले हे भेटींच्या आकडेवारीत पाहा आणि त्यांपासून सुरुवात करून आठवड्याला तीन-चार लेख इतकीच गती ठेवा. प्रत्येक लेख उघडल्यावर त्यातील चित्रे, दुवे, माहिती व टॅग एकदाच पाहून घ्या, म्हणजे त्याच लेखाकडे चार वेळा यावे लागणार नाही. काय बदलले याची एका फाइलमध्ये नोंद ठेवा. पुढे वर्षातून एक दिवस ठरवून डोमेनची मुदत, प्रत, पासवर्ड आणि संपर्काचे पान तपासले, आणि दरमहा अद्यतने केली, की देखभाल पुरेशी होते. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तिन्ही खात्यांची माहिती घरातील एका विश्वासू व्यक्तीला सुरक्षितपणे मिळेल अशी व्यवस्थाही याच वेळी करून ठेवावी, कारण लेखक आजारी पडला किंवा राहिला नाही तर बहुतेक ब्लॉग पुढच्या नूतनीकरणालाच संपतात.

एवढे करूनही नव्या लेखनासाठी नवे नाव हवे असे वाटले, तर त्यात गैर काही नाही. त्याच डोमेनवर नवा विभाग काढता येईल किंवा नवे डोमेनही घेता येईल. दोन्ही प्रसंगी जुने लेख जुन्याच पत्त्यांवर उघडत राहिले पाहिजेत, आणि सर्व लेख नव्या जागी हलवलेच तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे पुनर्निर्देशन असावे. सगळ्यांना सरसकट नव्या मुखपृष्ठावर पाठवले तर वाचकाला हवा तो लेख मिळत नाही. जुन्या डोमेनचे नूतनीकरण त्यानंतरही करत राहावे. सोडलेले नाव दुसऱ्याने घेतले, तर गेल्या इतक्या वर्षांत ज्यांनी आपल्या लेखांचे दुवे दिले त्या सर्वांचे वाचक त्या दिवसापासून त्याच्या जाहिरातींवर पोहोचू लागतील.